हीटर चालू, तरी पाठ गार

वाचकांचे प्रश्न : पॉप-अप कॅम्पर आणि थंडी

मी तंबूच्या आणि घडीच्या कॅम्परच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या, कापडी भिंतींच्या फिरत्या घराच्या, कनाती शिवते, उसवलेल्या दुरुस्त करते. माझ्याकडे कॅम्पर येतो तो बहुधा फाटल्यावर, आणि त्याचा मालक येतो तो काकडल्यावर. त्यामुळे कापडाबरोबर थंडीच्या तक्रारीही कानावर पडत असतात. या वेळची बहुतेक पत्रं त्याच विषयावर आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलेली पत्रं आखूड केली आहेत आणि नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या कॅम्परला गॅसवर चालणारा फर्नेस आहे. थर्मोस्टॅट २० अंशांवर ठेवतो. मध्ये टेबलापाशी बसलं की स्वेटर काढावासा वाटतो आणि बंकवर, म्हणजे कडेच्या पलंगावर, आडवं झालं की अर्ध्या तासात पाठ गार पडते. घरचे म्हणतात, मोठा हीटर घेऊ. घ्यावा का?

उत्तर : नका घेऊ. हीटर छोटा नाही, पलंग उघडा आहे.

कॅम्पर उघडला की दोन्ही बाजूंचे बंक बाहेर सरकतात आणि अधांतरी लटकतात. मधल्या भागाला निदान कमरेपर्यंत पक्क्या भिंती आहेत, खाली जमीन आहे. बंकला खाली एक फळी, तीन बाजूंना आणि वर कापड, बस्स. फळीखालून वारा मोकळा वाहतो. फर्नेस जी हवा गरम करतो ती छताला जाऊन बसते, आणि थर्मोस्टॅट असतो मधल्या भिंतीवर. त्याच्या दृष्टीने कॅम्पर गरम आहे. तुमच्या पाठीखाली काय चाललंय हे त्याला कुठून कळणार?

आता गादी बघा. बहुतेक कॅम्परमध्ये दोन-तीन इंचांचा फोम येतो. हाताने दाबून पाहिलात तर जाड वाटतो. पण कंबर आणि खांदे जिथे टेकतात तिथे तो चेपून बोटभर उरतो. ऊब धरून ठेवते ती फोममधली अडकलेली हवा, आणि चेपल्यावर ती हवाच निघून जाते. दोन रजया अंगावर घेतल्या तरी पाठीला त्यांचा उपयोग नाही, कारण थंडी वरून येतच नाहीये.

म्हणून पहिला खर्च गादीखाली करा. व्यायामाच्या मॅटसारखा, पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम घ्या. तो वजनाने फारसा चेपत नाही. एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन मिळतात तेही चालतात. फळी पूर्ण झाकली गेली पाहिजे, कडेला चार बोटं जागा सोडली तर तिथूनच गारवा आत शिरतो. त्यावर तुमची नेहमीची गादी. स्लीपिंग मॅट विकत घेणार असाल तर वेष्टनावर आर-व्हॅल्यू, म्हणजे मॅट थंडी किती अडवते त्याचा आकडा, छापलेली असते; पारा शून्याखाली जाणार असेल तर ४ च्या पुढचीच घ्या. एकावर एक दोन मॅट घातल्या तर आकड्यांची बेरीज होते, हा त्यातला सोयीचा भाग.

दुसरं काम फटींचं. दिवसाउजेडी बंकवर आडवे व्हा आणि ओला हात कनातीच्या खालच्या कडेने हळूहळू फिरवा. जिथे एकदम गार लागेल तिथे फट. माझ्या अनुभवात ती तीन ठिकाणी हटकून सापडते: कनात बंकच्या फळीखाली खेचून अडकवतात त्या दोन कोपऱ्यांत, बंक आणि मधला डबा जुळतो त्या सांध्यावर, आणि दाराच्या वरच्या वेल्क्रोपाशी. वेल्क्रो वर्षानुवर्षं धूळ आणि धागे खाऊन बोथट होतो. जुन्या टूथब्रशने साफ केला तर अर्धा जीव परत येतो; नाही आला तर उसवून नवा शिवून घ्या, चिकटवायचा वेल्क्रो थंडीत सुटतो. सांध्यातल्या फटीत फोमची नळी कापून ठोसली तरी भागतं.

आणि मग अंथरूण गरम करा, खोली नव्हे. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॅट उष्णता देत असतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. ती खालून निसटू दिली नाही तर पांघरूण तेवढ्यावरच गरम राहतं. वीज जोडलेली असेल तर गादीवर अंथरायची इलेक्ट्रिक चादर शंभरेक वॅटच्या आसपास खाते, आणि हवा तापवणारा हीटर १५०० वॅट. वीज नसेल तर रबरी गरम पाण्याची पिशवी. पाणी उकळतं नको, पिशवी दोन-तृतीयांशच भरा, उरलेली हवा दाबून काढा, वर मोजा चढवावा तसं कापड चढवा. झोपण्याच्या अर्धा तास आधी पाठ टेकते तिथे ठेवायची, आडवं होताना पायांशी ढकलायची. एक लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ वर येईपर्यंत अंथरुणाला जी ऊब देतं ती हवा तापवायला नगण्य, पण बंद पांघरुणात भरपूर होते.

फारच कडाका असेल त्या रात्री बंक सोडूनच द्या. टेबल खाली करून मधला पलंग करा आणि दोघं तिथे झोपा. दाटीवाटी होईल. बंकवर ऐसपैस कुडकुडण्यापेक्षा बरी.

थर्मोस्टॅट मग १०-१२ अंशांवर आणा. गॅस वाचेल ते वेगळंच, रात्रभर पंख्याची घरघरही कमी होईल.

प्रश्न : ताई, चंदेरी बबल शीट आणून गादीखाली घातली, उरलेली आतून कनातीला चिकटवली. गादीखाली काही फरक वाटला नाही, आणि सकाळी शीटच्या मागे कापड चिंब. पैसे पाण्यात गेले का?

उत्तर : शीट चांगली आहे, जागा चुकल्या.

चकाकणारा पृष्ठभाग किरणांनी येणारी उष्णता परतवतो, आणि त्यासाठी त्याच्यासमोर थोडी मोकळी हवा लागते. गादी आणि फळीच्या मध्ये दाबून टाकलात की चकाकी संपली. उरला बुडबुड्यांचा पातळ थर, आणि तोही तुमच्या वजनाखाली. फोमला पर्याय म्हणून तिचा उपयोग नाही.

कापड चिंब झालं ते तुमच्याच श्वासाने. माणूस झोपेत श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चौघं झोपलात तर लिटरभर. ती वाफ शीटच्या कडेने मागे शिरते, गार कापडाला टेकते आणि तिथेच पाणी होते. शीट नसती तर कापड निदान सकाळच्या उन्हावाऱ्यात वाळलं असतं.

ती शीट काढा आणि बंकच्या छतावर बाहेरून घाला. निरभ्र रात्री कापड आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत असतं, म्हणून ढगाळ रात्रीपेक्षा ती रात्र जास्त बोचते. बाहेरून चकाकतं आवरण टाकलं की हे बरंच थांबतं. खालच्या कडा मात्र मोकळ्या ठेवा, कापडाला श्वास घेऊ द्या. बबल शीट वाऱ्यात फडफडते आणि कडक दुमडते. कायमचं करायचं असेल तर कापडाचं अस्तर असलेली चंदेरी ताडपत्री बंकच्या मापाची शिवून घ्या आणि चिमट्यांनी नाही, इलास्टिकच्या दोरीने खाली अडकवा. पातळ, कुरकुरणारी इमर्जन्सी चादर या कामाला आणू नका. तिच्या आवाजाने झोप लागायची नाही आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात चिंध्या होतील.

आतून काहीतरी हवंच असेल तर खिडक्यांपुरतं करा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडकीवर चेपलेल्या लोकरीचा तुकडा वेल्क्रोने लावायचा, सकाळी काढून झटकायचा.

आणि एक खिडकी वरच्या बाजूने चार बोटं उघडी, समोरच्या बाजूची दुसरी थोडीशी. रात्रभर. इथे सगळे नाक मुरडतात. पण ओल बाहेर गेली नाही तर पांघरूण दमट होतं, आणि दमट पांघरुणात कितीही थर घ्या, हुडहुडी जात नाही. पिसांच्या स्लीपिंग बॅगचं तर ओल लागली की पोतंच होतं.

प्रश्न : संध्याकाळी फर्नेस झक्कास चालतो. पहाटे चार-पाचला पंखा फिरत असतो, पण गार वाराच येतो. सिलिंडर बदलून पाहिला, तेच. दुकानदार म्हणतो फर्नेसचा सर्किट बोर्ड गेला. खरंच बोर्ड गेला असेल?

उत्तर : बोर्डाला हात लावण्याआधी बॅटरी मोजा.

हा फर्नेस गॅसवर तापतो, पण वारा फेकणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. थर्मोस्टॅटने हाक दिली की आधी पंखा सुरू होतो. त्याच्या वाऱ्याने आत एक पातळ पत्रा ढकलला जातो, त्याला सेल स्विच म्हणतात. तो पत्रा पूर्ण ढकलला गेला, तरच गॅसची झडप उघडते आणि ठिणगी पडते. ही सुरक्षेची सोय आहे: वारा नसताना ज्योत पेटू नये. बॅटरी उतरली की पंखा फिरतो, पण रेंगाळत. पत्रा अर्ध्यातच राहतो. साधारण १०.५ व्होल्टच्या खाली हे हमखास होतं. तुम्हाला पंख्याचा आवाज येतो म्हणून वाटतं वीज आहे आणि गॅस गेला.

पडताळा सोपा आहे. त्याच वेळी शेगडीचा एक बर्नर पेटवून बघा. ज्योत नेहमीसारखी भरदार आली तर गॅस ठीक आहे. मग बॅटरीला मल्टिमीटर लावा, पंखा चालू असतानाच. बर्नर बघून झाला की लगेच बंद.

पहाटेच का, तर रात्रभर पंख्याने बॅटरी खाल्लेली असते, आणि वर थंडी. शिशाच्या बॅटरीची ताकद शून्य अंशाला सुमारे पाचवा हिस्सा घटते. शिवाय ती निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे ८० अँपिअर-अवरची बॅटरी असली तरी हातात तीसेक उरतात. पंखा ३ अँपिअर घेतो असं धरा. अर्धी रात्र तो चालला तरी १५ जातात. त्यात दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल. म्हणून संध्याकाळी निघताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते का ते बघायचं, १२.१ दाखवत असेल तर ती आधीच निम्मी आहे. लिथियम बॅटरी थंडीत वीज जास्त इमानाने देते, पण शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं. गरम करायची सोय आतच असलेली असेल तर गोष्ट वेगळी.

बॅटरी पक्की निघाली तर बाहेरचं धुराड्याचं तोंड बघा. कोळ्यांना आणि गांधीलमाश्यांना ती जागा फार आवडते. बर्फ पडत असेल तर ते तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना, हे झोपण्याआधी रोज बघायचं.

सिलिंडरबद्दल एक गोष्ट. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो; ब्युटेन शून्याच्या जरा खालीच अडतो. तुमच्याकडे दोन्हींचं मिश्रण भरून येत असेल तर आधी प्रोपेन निघून जातो आणि तळाशी ब्युटेन साचतो. सिलिंडर हलवल्यावर गॅस डुचमळतो, पण ज्योत मिणमिणते, ती याच कारणाने. हिवाळ्यात निव्वळ प्रोपेन मागून घ्या.

प्रश्न : फर्नेस नाही. स्वयंपाकाची शेगडी मंद ठेवून झोपलं तर चालेल का? एक खिडकी उघडी ठेवू.

उत्तर : नाही. खिडकी उघडी ठेवूनही नाही. कोळशाची शेगडी तर दारातसुद्धा आणू नका, विझत आलेलीही नाही. विझताना ती जास्त घातक असते.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, अंग जड होतं, माणसाला वाटतं प्रवासाचा शीण आहे, आणि तो झोपतो. कॅम्परमध्ये दोघांचंही एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर गोळी शोधू नका, बाहेर पडा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आणेपर्यंत आत फर्नेससुद्धा पेटवून झोपू नका. असेल तर मागची तारीख बघा. आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, बटण दाबल्यावर मात्र तो बिनदिक्कत वाजत राहतो, कारण बटण फक्त आवाज तपासतं. गॅसगळतीचा अलार्म हा वेगळा. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत लावतात. एकाचं काम दुसरा करत नाही, दोन्हींचा मिळून एक घेतलात तर तो कुठे लावायचा ते वेष्टनावर वाचून लावा.

धुराडं नसलेले छोटे गॅस हीटर ‘घरात चालतील’ असं लिहून विकले जातात. त्यांत ऑक्सिजन कमी झाला की बंद पडणारा सेन्सर असतो, हे खरं, पण त्याच्या भरवशावर तो चालू ठेवून झोपू नका. झोपण्याआधी जागेपणी तासभर लावा, खिडकी उघडी ठेवून, आणि मग विझवा. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच हवेत येतं, म्हणजे ओलीचं वर जे सांगितलं ते सगळं दुप्पट.

वीज असेल तर साधा इलेक्ट्रिक हीटर या सगळ्यापेक्षा बरा. कापडापासून तीन फूट लांब, जमिनीवर, कलंडला तर आपोआप बंद होणारा. आणि जाड वायर. एक्स्टेंशनची वायर हाताला गरम लागली तर ती बदला.

प्रश्न : सकाळी कनातीवर आतून बर्फाचा पापुद्रा होता. आम्ही तशीच घडी घातली. आता एका खिडकीला तडा आहे आणि कापडाला कुबट वास. दुरुस्त होईल?

उत्तर : तडा गेलेलं पारदर्शक प्लॅस्टिक जोडून टिकत नाही, पूर्ण काच बदलावी लागते, आम्ही तिला काचच म्हणतो. शिवणीची ओळ उसवून नवा तुकडा बसवतात. त्यात टाके जुन्याच भोकांतून गेले पाहिजेत, नाहीतर कापडाला दुहेरी भोकं पडतात आणि पुढच्या पावसात तिथून झिरपतं. कारागिराला हे आधी विचारा. तो गोंधळला तर दुसरा कारागीर बघा.

ते प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होतं. उन्हाळ्यात जी घडी सहज पडते ती गोठलेल्या सकाळी ‘टक्’ आवाज करून मोडते, आणि नेहमी कोपऱ्यात, चेनच्या वळणापाशी. म्हणून निघायच्या दिवशी छत खाली घेण्याआधी फर्नेस तासभर जोरात चालवा, खिडक्यांचे पडदे उघडे ठेवा. पापुद्रा वितळेल, प्लॅस्टिक मऊ होईल. पापुद्रा नखाने किंवा कार्डाने खरवडू नका, कापडावरचा पाणी अडवणारा लेप त्याच्याबरोबर निघतो. टॉवेलने टिपा. छतावर बर्फ असेल तर तो आधी मऊ झाडूने काढा, मगच छत वर-खाली करायच्या क्रँकला, म्हणजे फिरवायच्या दांड्याला, हात लावा. छत उचलणाऱ्या तारा त्या वजनासाठी नसतात.

कुबट वास म्हणजे बुरशी सुरू झाली. ओली घडी एक-दोन दिवस पडून राहिली की एवढं पुरतं. माझ्याकडे असं कापड आलं की मी आधी घड्यांच्या रेघा बघते. काळे ठिपके रेघेवर ओळीने बसलेले असतात, आणि तिथलाच दोरा पहिला कुजतो. बोटाने ताणला की टाके एकामागून एक सुटत जातात, कापड मात्र अजून धड असतं. तेव्हा आजच कॅम्पर उघडा. पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशने कोरडीच बुरशी झाडा, तोंडाला फडकं बांधून. नंतर सौम्य साबणाचं पाणी, भरपूर स्वच्छ पाणी, आणि पुन्हा खडखडीत वाळवण. ब्लीच वापरू नका. डाग जातात आणि दोराही जातो. शेवटी पाणी अडवणारा स्प्रे, तोही आधी एका कोपऱ्यात मारून बघा.

सगळंच ओलं असताना निघावं लागलं, असं होतंच. तेव्हा घडी घाला, पण गाद्या आणि पांघरुणं वेगळी गाडीत टाका, आणि पोहोचल्यावर दुसऱ्या दिवसाच्या आत कॅम्पर उघडा.

प्रश्न : स्लीपिंग बॅगवर तीन-तीन तापमानं लिहिली आहेत. कुठलं खरं?

उत्तर : ‘कम्फर्ट’ लिहिलेलं. ‘लिमिट’ म्हणजे काटक माणूस अंग आखडून जेमतेम झोपेल ते, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल एवढंच. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कुठला आकडा असतो ते बघून घ्या. आणि हे आकडे खाली चांगली मॅट आहे असं धरून काढलेले असतात.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा रात्री पांघरूण लाथाडतो. त्याला मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये घालू का?

उत्तर : मोठ्यांची बॅग त्याच्या अंगाच्या उबेने भरत नाही, खालची रिकामी जागा गारच राहते. तीच वापरायची असेल तर पायांखालचा भाग दुमडून पट्ट्याने बांधा, आणि तोंड बाहेर राहील असं बघा. त्यापेक्षा अंगाला बसणारे दोन थर, कोरडे मोजे, टोपी घालून त्याला मधल्या पलंगावर, भिंतीच्या बाजूला झोपवा. मग लाथाडलं तरी फारसं बिघडत नाही. मानेमागे हात घालून बघा: घाम असेल तर एक थर काढा. तान्ह्या बाळाला मात्र हे लागू नाही, एक वर्षाच्या आतल्या बाळाभोवती सैल पांघरूण, टोपी, उशी काहीच नको. त्याला मापाचा झोपायचा सूट घाला, आणि पारा शून्याखाली जाणार असेल तर ती सहल पुढे ढकला.